कोणत्या गावचा?

विदर्भात वाढलेल्या माणसाला ‘सीमेवर चकमक’ असं ऐकलं की काश्मीर आधी आठवत नाही. आधी आठवतात गडचिरोलीचे तालुके: भामरागड, एटापल्ली, धानोरा, कोरची. ही बातमी आम्ही लहानपणापासून इतक्यांदा वाचली आहे की तिचा साचा पाठ झाला आहे. अमुक पोलीस मदत केंद्राच्या हद्दीत, महाराष्ट्र-छत्तीसगड सीमेवरच्या जंगलात सी-६० या पोलिसांच्या खास पथकाचे जवान नक्षलविरोधी अभियान राबवत असताना दबा धरून बसलेल्या नक्षलवाद्यांनी गोळीबार केला, जवानांनी चोख प्रत्युत्तर दिलं, पोलिसांचा वाढता दबाव पाहून नक्षलवादी घनदाट जंगलाचा फायदा घेत पसार झाले. खाली जप्त साहित्याची यादी: बंदुका, पिट्टू, वॉकीटॉकी, औषधं, नक्षली पुस्तकं. कुणी मेलं असेल तर त्याचं दलम, म्हणजे नक्षलवाद्यांची सशस्त्र तुकडी, त्याचं पद आणि त्याच्या डोक्यावरचं बक्षीस. गावाचं नाव येतं ते घटनास्थळ कळावं एवढ्यापुरतं.

आलापल्लीच्या चौकात, चहाच्या टपरीवर, हीच बातमी निराळ्या तऱ्हेनं वाचताना मी पाहिली आहे. एकजण पेपर मोठ्यानं वाचत होता. बाकीचे बाकावर, काही उभे. आकडा ऐकून कुणी काही बोललं नाही. बंदुकांची यादी आली तेव्हा दोघांनी चहाचे ग्लास ठेवून दिले. नावं सुरू झाली आणि एका म्हाताऱ्यानं विचारलं, “कोनत्या गावचा व्हय गा?” वाचणाऱ्यानं गाव सांगितलं. म्हातारा थोडा वेळ गप्प राहिला, मग शेजाऱ्याशी माडियात, इथल्या आदिवासींच्या बोलीत, काहीतरी बोलला. प्रत्येक नावाला तोच प्रश्न. मेलेला पोलीस आहे की दलममधला, हे त्यानं एकदाही विचारलं नाही.

त्याला ते विचारायची गरजच नव्हती. आत्राम, मडावी, पुंगाटी, उसेंडी, नरोटे, गावडे ही आडनावं पोलिसांच्या हजेरीपटावर आहेत तशीच नक्षलवाद्यांच्या यादीतही आहेत. गोंड समाजात आडनावावरून माणूस किती देवांचा ते कळतं, सहा देवांचा की सात देवांचा, आणि त्यावरून तो आपला भाऊ लागतो की सोयरा हे तिथल्या तिथे ठरतं. म्हणजे टपरीवर नाव ऐकणाऱ्याला नात्याचा अर्धा हिशेब आधीच लागलेला असतो. गाव कळलं की उरलेला अर्धा लागतो. नागपूर-मुंबईकडे ज्या बातमीत दोन बाजू दिसतात, तिच्यात या माणसाला मामा, भाचा, जावई दिसतात.

ही सीमा नकाशावर शोधायला सोपी आहे. गडचिरोली जिल्ह्याच्या पूर्वेला, वर कोरचीपासून खाली सिरोंचापर्यंत, ती वाकडीतिकडी उतरत जाते. भामरागडला इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या तीन नद्या एकत्र येतात. तिथून पुढे बऱ्याच अंतरापर्यंत इंद्रावती हीच हद्द. सोमनूरजवळ ती गोदावरीला मिळते. पलीकडे अबुझमाडचा डोंगराळ जंगलपट्टा, नारायणपूर, बिजापूर, वर कांकेर. २००० सालापर्यंत पलीकडचा मुलूख मध्य प्रदेश होता, नंतर छत्तीसगड झाला. दक्षिणेकडचा आंध्र २०१४ साली तेलंगणा झाला. या बदलांत अलीकडच्या आणि पलीकडच्या माडियांचं काही बदललं नाही. मुली नदीपलीकडे दिल्या जातात, पलीकडून आणल्या जातात. बाजार जवळ ज्या बाजूला असेल त्या बाजूचा करायचा. उन्हाळ्यात इंद्रावती कमी झाली की डोंग्यानं किंवा पायी उतरून माणसं पलीकडे जातात. पावसाळ्यात पर्लकोटाचं पाणी पुलावर चढतं आणि भामरागडचा जिल्ह्याच्या ठिकाणाशी संपर्क तुटतो. तेव्हा या गावांना गडचिरोलीपेक्षा पलीकडचे सोयरे जवळचे असतात.

नक्षलवाद्यांनीही ही सीमा कधी मानली नाही. त्यांचं दंडकारण्य हे सगळं एकच क्षेत्र, त्यांच्या समित्या राज्यांच्या हद्दी ओलांडून आखलेल्या. सीमा अडवायची ती फक्त पोलिसांना. अलीकडे जाळपोळ करायची, सुरुंग लावायचा आणि नदी उतरून निघून जायचं. इकडच्या पोलिसांनी तिकडे जायचं तर आधी तिकडच्या पोलिसांशी समन्वय, परवानग्या, निरोप. पुढे दोन्ही राज्यांच्या संयुक्त मोहिमा सुरू झाल्या आणि ती फट बुजत गेली. तोवर वर्षानुवर्षं सीमेलगतचा वीस-पंचवीस किलोमीटरचा पट्टा हा दोन्हीकडून शेवटचा राहिला. रस्ता तिथे पोचायच्या आधी संपायचा, वीज त्याच्या आधी संपायची, डॉक्टर त्याच्याही आधी. गडचिरोलीला बदली म्हणजे शिक्षा, हे वाक्य आमच्या घरांत इतक्या सहज बोललं जायचं की तिथे राहणाऱ्याच्या कानावर ते कसं पडत असेल याचा विचार कुणाच्या मनात येत नसे. हेमलकशाला बाबा आमट्यांनी १९७३ साली लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला तेव्हा या भागात सरकार म्हणून जे काही दिसायचं ते म्हणजे जंगल खात्याचा गार्ड.

तो गार्ड समजून घेतल्याशिवाय पुढचं काही समजत नाही. मोहफुलं वेचली, बांबू तोडला, शेतासाठी जागा साफ केली, प्रत्येक गोष्टीला त्याची परवानगी आणि त्या परवानगीची किंमत. कोंबडा, बकरा, फुकट मजुरी. १९८०च्या सुमारास पीपल्स वॉर या नक्षलवादी गटाची माणसं प्राणहिता ओलांडून सिरोंचाकडे आली. त्यांच्यातला पेद्दी शंकर त्याच वर्षी नोव्हेंबरात पोलिसांच्या गोळीबारात मेला. पण मागून येणारे थांबले नाहीत. त्यांनी पहिलं काम केलं ते गार्डाचा आणि ठेकेदाराचा वचक मोडायचं. तेंदूचा पुडा म्हणजे सत्तर पानं, उन्हात वेचून, जुळवून, बांधून. शंभर पुड्यांना मिळणारा भाव त्यांनी वाढवून घेतला. बांबूतोडीची मजुरी वाढवून घेतली. गावांनी त्यांना भात वाढला तो याच्यासाठी. बंदुकीच्या धाकानंच सगळं झालं असं म्हणणाऱ्याला त्या काळातला मजुरीचा दर ठाऊक नसतो.

पुढे त्यांनी जे केलं तेही तितकंच स्पष्ट लिहिलं पाहिजे. ज्यांच्यासाठी आलो म्हणाले त्यांनाच ते मारू लागले. पोलीस पाटील, सरपंच, शिक्षक, रस्त्याच्या कामावर गेलेला मजूर, पोलीस भरतीला पळायला जाणाऱ्या पोराचा बाप. रात्री घरातून उठवून न्यायचं, सकाळी गावाच्या वेशीवर प्रेत आणि त्यावर लाल शाईतलं पत्रक. गडचिरोलीत या चार दशकांत पाचशेच्या वर सामान्य माणसं अशी गेली आणि दोनशेच्या वर पोलीस. मेलेल्या नागरिकांत बहुतेक आदिवासी होते. आदिवासींच्या मुक्तीसाठी म्हणून सुरू झालेल्या लढ्याचा हा जमाखर्च मला कुठल्याही सिद्धांतानं पटवून देता येणार नाही.

सी-६० उभी राहिली १९९० साली. तेव्हा के. पी. रघुवंशी गडचिरोलीचे पोलीस अधीक्षक होते. बाहेरून आणलेल्या पोलिसाला या जंगलात दिशा कळत नाही, भाषा कळत नाही, कुठल्या वाटेवर कालची पावलं आहेत ते कळत नाही, हे ओळखून त्यांनी इथलीच साठ पोरं निवडली. त्या साठांवरून नाव पडलं. आज संख्या कितीतरी पटींनी वाढली, नाव तेच राहिलं. तुकडीला इथे ‘पार्टी’ म्हणतात, आणि पार्टी ओळखली जाते ती तिच्या कमांडरच्या नावानं. जवान आपसांत गोंडी-माडियात बोलतात. बोधवाक्य ‘वीरभोग्या वसुंधरा’.

या पोरांचं चालणं हा वेगळा अभ्यासाचा विषय आहे. रस्ता असला तरी रस्त्यानं जायचं नाही, कारण सुरुंग रस्त्याखालीच असतो. पुलावरून जायचं नाही, नाला खालून उतरायचा. दोन माणसांत अंतर ठेवायचं, म्हणजे एकाच स्फोटात दोघं सापडू नयेत. गेलेल्या वाटेनं परत यायचं नाही. पाठीवर पिट्टू, त्यात दोन-तीन दिवसांचं खाणं, ताडपत्री, गोळ्या, पाणी. झोप पाळीपाळीनं. गावात शिरले तर घरात जायचं नाही, कुणाच्या हातचं काही खायचं नाही. स्वतःच्या मुलखात, स्वतःच्या भाषेच्या गावात, मोहाच्या झाडाखाली बसलेल्या आजीनं बोलावलं तरी पुढे निघून जायचं. भरती झालेल्या कित्येकांना मग आईबापांना गावातून उचलून गडचिरोलीला किंवा अहेरीला आणून ठेवावं लागलं. रजेवर जाणारा जवान साध्या कपड्यांत एसटीत बसतो आणि शेजाऱ्यानं विचारलं तर नोकरी सांगत नाही, कारण आठवडी बाजारात सुट्टीवरच्या पोलिसांना गाठून मारल्याच्या घटना सगळ्यांना माहीत आहेत. शौर्यपदकाच्या बातमीत यातलं काही येत नाही, आणि मला वाटतं पदकापेक्षा हे सोसणं मोठं आहे.

२००९ साल या जिल्ह्यात कुणी विसरलेलं नाही. १ फेब्रुवारीला मर्केगावजवळ १५ पोलीस मारले गेले. २१ मेला हत्तीगोट्याच्या जंगलात १६, त्यांत पाच महिला पोलीस. ८ ऑक्टोबरला, विधानसभेच्या मतदानाला पाचच दिवस राहिले असताना, लाहेरीजवळ १७. लाहेरी हे भामरागडच्याही पुढचं ठाणं, त्याच्यापुढे अबुझमाड सुरू होतो. एका वर्षात तीन वेळा जिल्हा मुख्यालयाच्या मैदानावर तिरंग्यात गुंडाळलेल्या पेट्या ओळीनं मांडल्या गेल्या. त्या वर्षानंतर पोलीस बदलले. प्रशिक्षण, शस्त्रं, माहिती काढण्याची पद्धत, सगळंच बदललं, आणि पारडं हळूहळू फिरलं. १ मे २०१९ला, महाराष्ट्र दिनीच, कुरखेड्याजवळ जांभूळखेड्याला सुरुंगात १५ जवान आणि गाडीचा चालक गेला, तो या काळातला शेवटचा मोठा घाव. आदल्या रात्री दादापूरला रस्त्याच्या कामावरची वाहनं जाळली होती आणि जवान तिकडेच निघाले होते. रस्त्यानं, खासगी गाडीतून.

आता कासनसूर. या एका गावाजवळ मला थांबायचं आहे.

२२ एप्रिल २०१८, रविवार. भामरागड तालुक्यात इंद्रावतीच्या काठी बोरिया आणि कासनसूरच्या जंगलात सी-६०च्या जवानांनी सकाळी नक्षलवाद्यांचा तळ गाठला. पहिल्या दिवशी सोळा मृतदेह मिळाले, त्यांत साईनाथ आणि सिनू हे दोन मोठे कमांडर. दुसऱ्या दिवशी राजाराम खांदल्याच्या जंगलात आणखी सहा जण मारले गेले. मग इंद्रावतीत प्रेतं तरंगू लागली. जखमी होऊन नदीत उतरलेले, पलीकडे पोचू न शकलेले. इंद्रावतीत मगरी आहेत. एकूण आकडा चाळीसवर गेला. पोलिसांकडे एकही बळी नाही. इतकी मोठी कारवाई महाराष्ट्रात आधी कधी झाली नव्हती आणि बातम्यांत साहजिकच ती तशीच मांडली गेली.

त्याच आठवड्यात एटापल्ली तालुक्यातल्या गट्टेपल्लीचे काही आईबाप गडचिरोलीला आले. हातात मुलांचे फोटो आणि आधारकार्डं. गावातली आठ तरुण मुलंमुली कासनसूरला एका लग्नाला म्हणून निघाली होती आणि परत आली नव्हती, असं ते सांगत होते. पोलिसांचं म्हणणं असं की ही मुलं नुकतीच दलममध्ये भरती झाली होती आणि त्या तळावरच होती. दोन्ही म्हणणी पेपरात शेजारी शेजारी छापून आली. वाद झाले, सत्यशोधन समित्या आल्या, गेल्या. मला मात्र त्या वादापेक्षा दुसरी गोष्ट छळत राहिली. पोलिसांचं म्हणणं अक्षरशः खरं धरलं, तरी त्याचा अर्थ असा की एका गावची आठ पोरं काही दिवसांपूर्वी घर सोडून गेली होती, त्यांना बंदूक धरायला शिकवून झालं नसेल, आणि ती चाळीसांत मोजली गेली. ज्या कमांडरांनी त्यांना नेलं त्यांच्याकडे याचा जाब मागायला कुठलं कार्यालय नव्हतं. म्हणून आईबाप आले ते सरकारच्या दारात.

पेपरात कासनसूरचं नाव मे महिन्यापर्यंत टिकलं. गावात मात्र चौकशी सुरू झाली होती. चाळीस माणसं मेली म्हणजे कुणीतरी ठावठिकाणा सांगितला असणार, आणि तो सांगणारा गावातलाच असणार, हा नक्षलवाद्यांचा हिशेब. अशा वेळी खबरी ठरायला किती थोडं पुरतं ते या भागात राहणारी माणसं सांगतात. बाजाराच्या दिवशी ठाण्यासमोरून गेला. नवा मोबाइल घेतला. पोलिसांच्या जनजागरण मेळाव्यातून शेतीची अवजारं आणली. पोरानं भरतीचा अर्ज भरला. आणि उलट बाजूनं बघावं तर रात्री बंदुका घेऊन पंधरा जण अंगणात उतरले, त्यांना भात शिजवून वाढला, एवढ्यावर नक्षल समर्थक म्हणून नाव लागू शकतं. अंगणात बंदूक उभी असताना नाही म्हणून दाखवावं, ही अपेक्षा शहरातून करायला सोपी आहे.

जानेवारी २०१९मध्ये, चकमकीला नऊ महिने होत असताना, नक्षलवादी कासनसूरला आले आणि गावातल्या काही जणांना घेऊन गेले. त्यांतल्या तिघांची प्रेतं कोसफुंडी फाट्यावर टाकलेली मिळाली. शेजारी बॅनर: एप्रिलमधल्या चाळीस जणांच्या मृत्यूला हे जबाबदार आहेत. गावातली माणसं जीव मुठीत धरून ताडगावच्या पोलीस केंद्राकडे आली. चुली, कोंबड्या, कोठीतलं धान्य मागे टाकून. एप्रिलमधल्या बातमीला देशभर जागा मिळाली होती, जानेवारीतल्या या तिघांना आतल्या पानावर एक चौकट.

माझ्या मते कासनसूरची चकमक २२ एप्रिलला सुरू झाली आणि कोसफुंडी फाट्यावरही संपली नाही. सीमेवरच्या गावांत चकमकीचा आवाज अर्धा दिवस चालतो, पण तिचा संशय पिढी खातो. कुणाच्या अंगणात कोण बसतं, पंडुमच्या सणाला कुणाला बोलावणं जात नाही, कुठल्या घरात मुलगी द्यायची नाही, हे त्यानंतर कितीतरी वर्षं ठरत राहतं. मेलेल्यांचे आकडे मोजणाऱ्या कुठल्याही खात्याकडे या नुकसानीचा रकाना नाही. पोलिसांनी ती कारवाई करायला नको होती असं मी म्हणत नाही. बंदूक घेऊन राज्य चालवू पाहणाऱ्यांना रोखणं हे पोलिसांचं काम आहे आणि त्यांनी ते केलं. पण चाळीस जणांच्या मृत्यूचा सूड पहिल्यांदा कुणावर उगवला जाईल हे एप्रिलमध्येही कळण्यासारखं होतं. ते गाव नऊ महिने उघडं राहिलं, याची टोचणी माझ्यासारख्या पेपर वाचणाऱ्यालाही असायला हवी आणि नियोजन करणाऱ्यांना तर नक्कीच.

पुढच्या चकमकी झपाट्यानं सांगता येतील. १३ नोव्हेंबर २०२१, मर्दिनटोल्याचं जंगल, छत्तीसगडच्या हद्दीलगत: दिवसभर गोळीबार, मोठा नेता मिलिंद तेलतुंबडेसह २६ नक्षलवादी ठार, जखमी जवानांना हेलिकॉप्टरनं नागपूरला नेलं. १७ जुलै २०२४, वांडोली, भर पावसाळ्यात: सहा तास, १२ ठार. त्याच दिवशी अहेरी तालुक्यात मंत्र्यांच्या हस्ते पोलाद कारखान्याचं भूमिपूजन होतं. मग कोपर्शी, कवंडे. प्रत्येक वेळी आकडा लहान, कारण आतली माणसंच कमी उरलेली. दरम्यान सीमेवर नवी पोलीस केंद्रं उभी राहत गेली. वांगेतुरी, गर्देवाडा, पेनगुंडा. शेकडो जवान, कामगार, यंत्रं एकदम पोचवून चोवीस तासांत ठाणं उभं करायचं: वाळूच्या पोत्यांचे मोर्चे, पत्र्याच्या खोल्या, तारेचं कुंपण, मोबाइलचा टॉवर. ठाण्यातच ‘पोलीस दादालोरा खिडकी’ नावाचा कक्ष, जिथे जातीचा दाखला, आधारकार्ड, पेन्शनचा अर्ज असली कामं होतात. तलाठ्याचं काम पोलिसानं करावं हे चांगलं लक्षण आहे का, असा प्रश्न मला पडतो. पण दाखल्यासाठी दोन दिवस चालणाऱ्या माणसाला तो पडत नाही, आणि त्याचं बरोबर आहे.

१५ ऑक्टोबर २०२५ला गडचिरोलीत भूपती उर्फ मल्लोजुला वेणुगोपाल राव यानं साठ साथीदारांसह मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रं खाली ठेवली. त्याची बायको तारक्का त्याच वर्षी १ जानेवारीला आली होती. ज्या माणसानं या जंगलात चळवळ बांधली, पोलिट ब्यूरोपर्यंत गेला, तो आयुष्याच्या उतरणीला सांगतो की सशस्त्र लढ्यातून आता काही निघणार नाही. त्याच्या शब्दावर गेलेल्या, इंद्रावतीत वाहून गेलेल्या पोरांना हे ऐकायला मिळालं नाही.

आत्मसमर्पण केलेल्यांची गडचिरोलीत वसाहत आहे. तिथली एक गोष्ट मला इतर सगळ्या आकड्यांपेक्षा जास्त सांगून जाते. दलममध्ये लग्नाला परवानगी असे, पण आधी पुरुषाला नसबंदी करून घ्यावी लागे. मूल झालं तर चालणं थांबतं, बंदूक सुटते, म्हणून. बाहेर आल्यावर यांतल्या अनेकांनी पोलिसांच्या मदतीनं पुन्हा शस्त्रक्रिया करून घेतली आणि त्यांना मुलं झाली. ती मुलं आता शाळेत जातात. कुणाच्या वर्गात शहीद पोलिसाचा मुलगा असेल, कुणाच्या वर्गात खबरी म्हणून मारलेल्याची नात. सरकारी घर, अनुदान, शिलाई मशीन यांनी बापाचा प्रश्न सुटतो. या मुलांनी एकमेकांशी काय बोलायचं, हे अजून कुणी ठरवलेलं नाही आणि ते मोठ्यांनाच ठरवावं लागेल.

भामरागडच्या रस्त्याला गावाबाहेर उभे दगड दिसतात. माडिया आपल्या मेलेल्या माणसासाठी दगड उभा करतात. काही जुने, शेवाळलेले, काही अलीकडचे. नक्षलवाद्यांनी याच जंगलात विटा-सिमेंटची लाल स्मारकं बांधली, २८ जुलैपासूनच्या त्यांच्या शहीद सप्ताहात तिथे झेंडे लागायचे; अलीकडच्या वर्षांत पोलिसांनी आणि कुठे कुठे गावकऱ्यांनीही ती पाडली. पोलिसांचं स्मारक मुख्यालयात आहे, त्यावर नावं कोरलेली, दर २१ ऑक्टोबरला तिथे सलामी होते. कोसफुंडी फाट्यावर टाकलेल्या तिघांसारख्या माणसांची नोंद मात्र नुकसानभरपाईच्या फायलीत असते, आणि गट्टेपल्लीच्या आठ जणांची चकमकीच्या पंचनाम्यात.

या सगळ्या याद्या वेगवेगळ्या कपाटांत आहेत. त्या गावनिहाय एकत्र व्हाव्यात असं मला फार वाटतं. एका गावातून पोलिसात गेलेला किती वर्षांचा होता, दलममध्ये गेलेली कुणाची कोण होती, रात्री उठवून नेलेला आदल्या दिवशी काय करत होता. खटला चालवायला नाही, बक्षीस द्यायलाही नाही. या जिल्ह्यात ग्रामसभा नुसत्या कागदावर नाहीत. मेंढा लेखा या गावानं २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवून बांबूचा कारभार स्वतः चालवून दाखवला आहे. जी ग्रामसभा जंगलातल्या प्रत्येक कूपाचा, म्हणजे तोडीसाठी आखलेल्या तुकड्याचा, हिशेब ठेवू शकते, ती आपल्या माणसांचाही ठेवू शकेल. माडिया आणि मराठी दोन्ही जाणणारी शिकलेली पोरं आता गावोगाव आहेत. सांगणारी माणसं म्हातारी होत चालली आहेत, ऐंशी सालचं आठवणारे तर फारच थोडे उरले. दिवाळीनंतर धान निघतं, नाले उतरतात, आतल्या गावांपर्यंत मोटारसायकल जाते. तेंदूचा हंगाम मेमध्ये. मधले पाच महिने या कामाला मिळू शकतात, आणि आता त्या गावांत रात्री मुक्काम करता येतो.